झाकण मिटल्यावर

रात्री झाकण मिटून पिशवीत ठेवलेला लॅपटॉप
सकाळी काढला तर इस्त्रीसारखा कढत.
बॅटरी चार टक्के.
सलग तिसरा दिवस.
मी त्याला म्हणाले, अरे, झोप मलाही लागली नाही,
पण मी निदान तसं सांगते तरी.

डंडी. जानेवारी. चार वाजायच्या आत दिवस गुंडाळलेला,
टे नदीवरून आलेला वारा
दुसऱ्या मजल्याच्या काचा एकेक करून वाजवून बघतो.
शनिवारी त्याची नोंदवही उघडून बसले:
०२:१४ जाग. कारण वायफाय.
०२:२९ जाग. कारण वायफाय.
०२:४४.
दर पंधरा मिनिटांनी हा उठायचा
आणि अंधारात विचारायचा,
कुणी ओळखीचं आहे का, कुणी ओळखीचं?

आमच्याकडे शाळू भरात आला की
माळ्यावर जागल असायची. तिथला गडी
अशीच अधूनमधून हाळी द्यायचा.
पाखरू नसायचं, डुक्कर नसायचं.
पलीकडच्या माळ्यावरून नुसता एक 'हो' यावा,
एवढ्यासाठी.

इथेही 'हो' येत होता.
माझा राउटर मी झोपताना भिंतीवरच बंद करते, आईची सवय.
उत्तर देत होतं ते यादीतलं दुसरं नाव,
तीन रेघा भरलेल्या:
एफी किड.

तळमजला, डावीकडचं दार.
मी आले तेव्हा माझ्याकडे दोन बॅगा
आणि बिनइंटरनेटचं घर.
तिनं चहाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
पासवर्ड लिहून दिला,
थरथरती मोठी अक्षरं, शून्याला आडवी काट.
म्हणाली, वापर गं मॉली,
मी काय, फक्त हवामान बघते.
शाल्मली तिच्या तोंडात कधी मावलंच नाही.

नोव्हेंबरात ती गेली.
पर्थहून पुतण्या आला, पडदे ओढून, चावी फिरवून गेला.
राउटर कुणी बंद केला नाही.
बिल बँकेतून आपोआप जात असणार.
सोफ्यामागे एक हिरवा दिवा
दर पंधरा मिनिटांनी सांगत होता,
आहे.

उपाय सोपा.
डिव्हाइस मॅनेजर, वायरलेस कार्ड, पॉवरचं पान.
'या उपकरणाला संगणक जागा करू द्या',
तिथली खूण काढायची.
झोपेत नेटवर्कशी जोडलेला राहू नको, असं बजावायचं.
आणि वाटलं तर त्या नावापुढचं बटण दाबायचं:
'विसरा'.

खूण काढली. बजावलं.
'विसरा'वर बाण नेला,
तर बाणाचा हात झाला, बोट पुढे केलेला.
मी तो मागे घेतला.

त्या रात्री लॅपटॉप ढिम्म झोपला.
पंखा नाही, घरघर नाही,
सकाळी अठ्ठ्याण्णव टक्के, हाताला गार.
मला मात्र अडीचच्या सुमाराला जाग आली.
पाणी प्यायले. मोबाइल उघडून बघितला.
तीन रेघा होत्या.

मंगळवारी घर रिकामं करणारे आले.
सोफा जिन्याच्या वळणावर अडकला,
मला न कळणाऱ्या शिव्या झाल्या,
शेवटी एक टोक मीच धरलं.
खोक्यात केटल, दोन पायजोड, वायरींचा गुंता
आणि त्यात तो पांढरा डबा, दिवा विझलेला.
पोरगा म्हणाला, हवाय का? चालू आहे अजून.
नको म्हणाले. त्यानं खांदे उडवले.

वर येऊन झाकण उघडलं.
जागा झाल्या झाल्या शोधायला लागला,
वर्तुळ फिरलं, फिरलं,
मग त्यानं निमूट माझं नेटवर्क घेतलं.
एफी किड यादीत खाली,
करड्या अक्षरांत: कक्षेबाहेर.

मी हवामान बघितलं.
दुपारी पाऊस. मग वारा.
रात्री पुन्हा पाऊस.